सांगली जिल्ह्यातलं सरकारी आयसीटीसी केंद्र : साडेचार स्टार, अर्धा का कापला ते शेवटी

आधीच सांगतो, दवाखान्याचं नाव लिहिणार नाही. एकतर तिथं समुपदेशक मॅडम एकच आहेत, नाव टाकलं की त्या कोण ते लगेच कळणार, आणि मी कोण ते कळायला पण फार वेळ लागणार नाही, आपल्या भागात माणूस गाडीच्या नंबरवरनं पण ओळखतात. सांगली जिल्ह्यातला एक सरकारी दवाखाना एवढं धरून चाला. बाहेर पाटी असते, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, सगळे आयसीटीसी म्हणतात, एचआयव्हीची टेस्ट फुकट होते. मिसळीचे, टायरच्या दुकानाचे, सर्व्हिस सेंटरचे रिव्ह्यू मी लय टाकलेत, पण याचा कुणी टाकलेला मला सापडला नव्हता, आणि ज्या रात्री पाहिजे होता त्या रात्री सापडला असता तर माझे सात हजार रुपये आणि दीड महिना वाचला असता.

मी द्राक्षाच्या औषधांच्या कंपनीत सेल्सला आहे (बागेची औषधं, माणसांची नाही, हे सांगावं लागतं कारण गावाकडची माणसं गुडघेदुखीची गोळी मागतात). तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ हा पट्टा माझ्याकडं. वय ३१, लग्न व्हायचंय, घरी स्थळं बघणं चालू.

ऑक्टोबरात नाशिकला मीटिंग होती. तिथं दुसऱ्या कंपनीतली एक जण, दोन वर्षांची ओळख, जे झालं ते दोघांच्या मर्जीनं झालं. कंडोम होता, शेवटपर्यंत जागेवर होता, फाटला नाही, निसटला नाही. त्याच्या आधी तोंडानं जे काय थोडं झालं ते कंडोमशिवाय. झालं, एवढंच प्रकरण. हे इतकं उघडं लिहितोय कारण वाचणाऱ्यातल्या कुणाचं तरी प्रकरण बरोब्बर एवढंच असणार आणि तो पण आत्ता रात्री अडीचला मान चाचपत बसला असणार.

परत येताना गाडीत काहीच वाटलं नाही, उलट गाणी म्हणत आलो. चौथ्या दिवशी एका भिंतीवर एड्सच्या लाल फितीची जुनी रंगवलेली जाहिरात दिसली, अर्धी पुसलेली, आणि तिथंच डोक्यात काहीतरी खटकन् बसलं. त्याला कारण आहे. आमचं मूळ गाव विट्याच्या पुढचं, गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आमच्याकडची माणसं पार देशभर पसरलेली, वर्षातनं एकदा जत्रेला येणार आणि परत जाणार. २००२ च्या सुमारास, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, आमच्या आळीतला एक जण कायमचाच परत आला. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, गोठ्याशेजारी खाट, आणि आम्हा पोरांना ताकीद की तिकडं खेळायला जायचं नाही. रोगाचं नाव कुणी घेतलं नाही, 'त्यो मोठा आजार' एवढंच. गेला तेव्हा अंथरूण पांदीला नेऊन जाळलं. सरकारी दवाखान्यात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवायच्या, गोळ्या फुकट मिळायला लागल्या त्या २००४ च्या एप्रिलपासनं, म्हणजे बिचारा दोन वर्षांनी चुकला. हे मला आता कळतंय. तेव्हा नाशिकहून आल्यावर माझ्या डोक्यातला एचआयव्ही म्हणजे ती गोठ्याशेजारची खाट होती, तीच गोधडी, तोच तांब्या.

आता आमच्या धंद्यात एक भानगड आहे. बागाईतदार फोन उचलला की पहिलं वाक्य काय बोलतो, 'आज अठ्ठाविसावा दिवस हाय, काय मारू?' छाटणीपासनं दिवस मोजायची सवय आख्ख्या पट्ट्याला, तारखा कुणी बोलतच नाही. आणि एका माणसाच्या बागेची फळछाटणी नेमकी नाशिकच्या त्याच दिवशी झालेली. तो माझा नेहमीचा गिऱ्हाईक. त्याच्या बांधावर पाय ठेवला की तो हसत सांगणार 'आज चोविसावा' आणि माझ्या पोटात गोळा, कारण माझा पण चोविसावा. त्याच्या बागेत फुलोरा आला, डावणीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) भीती सुरू झाली, तो रात्री झोपत नव्हता पावसाच्या भीतीनं, मी माझ्या भीतीनं, दोघं सकाळी तांबडे डोळे घेऊन चहा पीत उभे.

मोबाईलवर काय वाचायचं ठेवलं नाही. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा, अंगावर पुरळ, गाठी असं काहींना होतं, हे वाचलं आणि बाराव्या दिवशी माझा घसा धरला. आदल्या दिवशी बर्फ घालून दोन ग्लास उसाचा रस प्यालो होतो ते आठवलंच नाही. मानेतल्या गाठी दिवसातनं चाळीसदा दाबून बघायचो, दाबून दाबून खरंच दुखायला लागल्या, आणि दुखतायत म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. नवव्या दिवशी पेपबद्दल वाचलं, की संबंधानंतर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या तर लागण टाळता येते. ७२ तास म्हणजे तीन दिवस, मी नवव्या दिवशी वाचतोय. तो दिवस सगळ्यात वाईट गेला. आकडे पण वाचले. अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली सरकारी आरोग्य संस्था) अंदाज असा की समोरच्या बाईला एचआयव्ही असेल आणि कंडोम नसेल तरी नेहमीच्या संबंधात पुरुषाला लागण व्हायचं प्रमाण दहा हजारात ४. म्हणजे माझ्या बाबतीत तर पहिला 'जर' माहीतच नव्हता आणि दुसरा लागू होत नव्हता. पण भ्यालेल्या माणसाला ९,९९६ दिसत नाहीत, मला ते ४ जणच दिसायचे, रांगेत उभे, आणि चौथा मी.

मग लॅब. नाव लिहीत नाही. काउंटरवरची पोरगी, वेटिंगला वीसेक माणसं, आणि ती मोठ्यानं 'एचआयव्ही कुणाची हाय हो?' मी उठलोच नाही. बाहेर जाऊन चहा पिऊन परत आलो, हळूच सांगितलं. सही कसलीच घेतली नाही, काय झालं, कधी झालं, का करताय, कुणी एक शब्द विचारला नाही, रक्त काढलं, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. नॉन रिॲक्टिव्ह, आणि शेजारी आकडा ०.१८. एकच्या खाली म्हणजे नॉन रिॲक्टिव्ह असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. तो चोविसावा दिवस होता. एकतिसाव्या दिवशी परत केली, तिथंच. ०.२४. आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल निगेटिव्हच आहे की. मी म्हणलं वाढतोय! ०.१८ चा ०.२४ झाला, आठवड्यात एवढा, या हिशोबानं एकच्या वर कधी जाईल ते मी कॅल्क्युलेटरवर काढलं, खोटं नाही सांगत. अडतिसाव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये गेलो, तिथं ०.०९ आला, तर त्यावर पण समाधान नाही, मशीन वेगळं असंल, यांचं मशीन जुनं असंल. त्यांनीच मग साडेचार हजाराची पीसीआर सुचवली, विषाणूच सरळ शोधतात, दहा दिवसांपासनं एक महिन्यात कळतं वगैरे. केली. नॉट डिटेक्टेड. त्या रात्री झोपलो. दुसऱ्या रात्री परत सुरू, सॅम्पल बदललं असलं तर?

या दरम्यान एक बघायचा कार्यक्रम होता मिरजेला. आईला सांगितलं पोट बिघडलंय. मुलीकडच्यांनी पोहे करून ठेवलेले म्हणे.

शेचाळिसाव्या दिवशी रात्री दोनला १०९७ ला फोन लावला. ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, हेल्पलाईन, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. मला वाटलं रेकॉर्डिंग लागेल, एक दाबा दोन दाबा, पण माणूस बोलला, मराठीत बोलला, झोपेत पण वाटत नव्हता. त्यानं नाव विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला तुमचा धोका नगण्य आहे पण तुम्ही चार टेस्ट करून पण माझ्याशी बोलताय, तेव्हा उद्या समोर बसून कुणाशी तरी बोला, आणि जवळचं केंद्र सांगितलं. 'बोला' म्हणाला, 'तपासा' म्हणाला नाही. तेव्हा हा फरक लक्षात आला नव्हता.

सत्तेचाळिसाव्या दिवशी गेलो. आता मूळ रिव्ह्यू.

जागा शोधायला त्रास आहे. केसपेपरच्या खिडकीवर 'आयसीटीसी कुठं' एवढं विचारायला मला दहा मिनिटं लागली, आणि खिडकीतल्या माणसानं वर न बघता हात केला, एक्स-रेच्या पुढं, शेवटून दुसरी खोली. त्याला काही फरक पडला नाही, म्हणजे दिवसाला पन्नास जण विचारत असणार. हेल्मेट घालूनच आत आलो होतो, ते वॉचमननं काढायला लावलं. तोंडाला मास्क.

आणि बाहेर बाकावर सगळ्या गरोदर बाया! मला वाटलं चुकीच्या ठिकाणी आलो. नंतर कळलं की प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही टेस्ट करतात, आईला असली तरी वेळेवर गोळ्या चालू केल्या की बाळाला व्हायचं बऱ्याच अंशी टळतं, म्हणून या केंद्रात रांग म्हणजे निम्म्याच्या वर त्याच. मी एकटा बाप्या, मधोमध. शेजारी एक आजी, सुनेला घेऊन आलेली.

'मंडळी आत गेल्या व्हय?'

काय सांगणार. 'व्हय.'

'कितवा?'

'सातवा.' तोंडातनं गेलं.

'पैलंच न्हवं?'

'व्हय.'

'मग असा भ्याल्यागत का बसलाईस लेकरा, बाप हुनार हाईस.' आणि पिशवीतनं शेंगदाण्याचा लाडू काढून हातावर ठेवला. मास्क खाली करून खाल्ला. दीड महिन्यात पहिल्यांदा कशाची तरी चव लागली. मग आतनं आवाज आला, नाव नाही, नुसता नंबर, तेवीस, आणि मी उठून एकटाच आत गेलो. आजी काय म्हणाली असेल देव जाणे.

खोली छोटी. टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट, जाड रजिस्टर, आणि टेबलावर कंडोम कसा घालायचा ते दाखवायचं मॉडेल, त्याच्याकडं न बघायचा प्रयत्न करत बसलो. मॅडमनी उठून दार लावून घेतलं. लॅबमध्ये कुणी दार लावलं नव्हतं.

मी सुरवात केली ती सगळी इंग्लिश शब्दांत, एक्स्पोजर, प्रोटेक्टेड, नॉन-पेनिट्रेटिव्ह, विंडो पिरियड, आपल्याला सगळं माहीत असल्यासारखं. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, 'दादा, मराठीत सांगा. म्हणजे तुम्हालापण ऐकू येईल.' आणि मराठीत सांगायला लागल्यावर दोन मिनिटांत संपलं. खरंच, सांगण्यासारखं एवढंच होतं. मी दीड महिना जे डोंगर करून ठेवलेलं ते चार वाक्यांत संपलं आणि मलाच कसंतरी वाटलं.

त्यांनी प्रश्न विचारले, ते पण सगळे सरळ. कंडोम कधी घातला, कधी काढला, फाटला का. तोंडात जखम होती का. सुई, रक्त असं काही. खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, हे टीबीसाठी सगळ्यांनाच विचारतात. मग कागदावर लिहून दाखवलं की हा विषाणू रक्तातनं, वीर्यातनं, योनीतल्या स्रावातनं, गुदमार्गातल्या स्रावातनं आणि आईच्या दुधातनं जातो, थुंकीतनं जात नाही, चुंबनानं नाही, ताटातनं नाही, डासानं नाही. 'कंडोम शेवटपर्यंत नीट होता म्हणताय, मग तिथला विषय मिटला. तोंडाचं म्हणाल तर तुमच्या बाजूनं धोका जवळजवळ नाहीच म्हणा.' मी विचारलं पेप चुकलं त्याचं काय. म्हणाल्या पहिल्या दिवशी आला असता तरी यासाठी मी तुम्हाला पेपला पाठवलं नसतं. ते नववा दिवस वगैरे सगळं वाया गेलेलं रडणं होतं तर.

मग मी एक वाक्य बोललो ज्याची मला आता लाज वाटते. म्हणलं, 'मॅडम, ती तसली नाही हो, शिकलेली आहे, चांगल्या घरची.'

पेन खाली ठेवलं त्यांनी. 'तसली म्हणजे कसली? आणि कंडोम कसा वापरायचा हे या सांगलीला कुणी शिकवलं माहिताय का?' मग सांगितलं की १९९२ पासनं इथं संग्राम संस्थेचं काम आहे, आणि गोकुळनगरच्या, म्हणजे सांगलीतल्या वेश्यावस्तीतल्या, बायका स्वतः कंडोम वाटत, गिऱ्हाइकाला 'नसेल तर जा' म्हणायला एकमेकींना शिकवत फिरायच्या, जेव्हा बाकी गावं तांब्या वेगळा ठेवत होती. पुढं १९९६ ला त्यांनी स्वतःची संघटनाच काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. 'विषाणू घराणं बघत नाही, दादा. आणि तुम्ही तिला विचारलं का? तिला पण तुमची भीती वाटली असंल.' हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ४७ दिवसांत एकदाही नाही. माझ्या हिशोबात ती धोका होती आणि मी पेशंट, उलटं पण असू शकतं हे सुचलंच नाही.

लॅबचे रिपोर्ट मोबाईलवर दाखवले, ०.१८, ०.२४, ०.०९, आणि माझी वाढीची थिअरी सांगितली. त्यांनी विचारलं काम काय करता. सांगितलं. तर हसल्या, त्यांच्या सासरी पण बाग आहे. 'मग रेसिड्यूचा रिपोर्ट एमआरएलच्या खाली आला की कंटेनर अडवता का? या बागेचा ०.०१ आला, त्या बागेचा ०.०३ आला, दोन्ही पास न्हवं?' मी गप्प. एमआरएल म्हणजे द्राक्षात औषधाचा अंश जास्तीत जास्त किती चालतो ती मर्यादा. हेच वाक्य मी सीझनला रोज चार बागाईतदारांना सांगतो, लिमिटच्या खाली आहे म्हणजे पास, आकड्याकडं बघू नका. 'हा ताप मोजायचा थर्मामीटर नाही, खालीवर झाला म्हणून वाढला-उतरला असं नसतं. एकच्या खाली, विषय संपला.' साडेचार हजाराच्या पीसीआरनं जे केलं नव्हतं ते या एका वाक्यानं केलं, आणि हे वाक्य फुकटात होतं.

मग म्हणाल्या टेस्ट करू, पण टेस्टनं तुमचं भागणार नाही, तीन केल्याच की, वर पीसीआर. आणि एक प्रश्न विचारला, 'सिफिलिसची केली?' नव्हती केली. सात हजारांच्या वर घालवले, एकाच गोष्टीच्या मागं, आणि कंडोम नसताना तोंडानं जे खरोखर होऊ शकतं, सिफिलिस, गनोरिया, ते कुणी विचारलं नाही आणि माझ्या पण डोक्यात नाही, कारण गोठ्याशेजारची खाट सिफिलिसची नव्हती. शेजारीच सुरक्षा क्लिनिक असतं, गुप्तरोगांसाठी, तिथं पाठवलं, ती पण टेस्ट झाली, ती पण निगेटिव्ह. पण भावांनो, ती करा. एचआयव्हीच्या भीतीत बाकीचं विसरू नका, ते औषधानं बरं होणारे रोग आहेत पण कळायला तर पाहिजेत.

टेस्टच्या आधी संमतीपत्र वाचून दाखवलं आणि सही घेतली. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासनं लागू आहे, त्यात कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुमचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, कंपनीला पण नाही, घरच्यांना पण नाही. मला आधार मागितलं नाही. लॅब टेक्निशियननं दंडातनं रक्त काढलं, आणि पाऊण तास थांबायला लावलं. आधी एका किटवर करतात, निगेटिव्ह आली तर तिथं संपतं, रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर करूनच पॉझिटिव्ह म्हणतात, एकावर विसंबत नाहीत. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येत नाही, मॅडमच्या समोर बसूनच हातात मिळतो. याला आधी मी कटकट म्हणलो असतो. पण त्या पीडीएफच्या रात्री आठवल्यावर म्हणतो बरंय.

निगेटिव्ह. म्हणाल्या सरकारी नियमाप्रमाणं तीन महिने झाल्यावर एकदा या, लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या टेस्टला ४५ दिवसांत जवळजवळ पक्कं कळतं कारण ती अँटीबॉडीबरोबर विषाणूचा अंशपण शोधते, आमचं किट अँटीबॉडीवर आहे म्हणून तीन महिने. आणि तोपर्यंत मान दाबायची नाही. 'दिवसातनं किती वेळा दाबता?' म्हणलं चाळीस. 'कुणीपण दाबलं तर दुखंल की हो.' झोप लागत नसली तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी लाईन आहे, हे पण चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि दवाखान्यात मानसरोगाची ओपीडी कुठल्या वारी असते ते पण. मला वाईट वाटलं जरा, मी काय वेडा आहे का. त्या म्हणाल्या वेडे नाही, पण तुमचा आजार रक्तात नाही हे रक्तानं पाचदा सांगितलं, आता दुसरीकडं बघायला नको?

मी निघताना एक विचारलं, जे खरं पहिल्यापासनं विचारायचं होतं. पॉझिटिव्ह आली असती तर? त्या म्हणाल्या, तर उद्यापासनं दिवसाला एक गोळी, फुकट, आणि आयुष्यभर तुम्ही औषधं विकत फिरला असता. नियमित गोळी घेऊन विषाणू मोजण्याइतका राहिला नाही की जोडीदाराला संबंधातनं लागण होत नाही. 'माझ्याकडची माणसं छाटणीला जातात, पोरांची लग्नं लावतात, एकानं तर परवा ट्रॅक्टर घेतला, पेढे देऊन गेला.' मला गोठ्याशेजारचा तो माणूस आठवला. ट्रॅक्टर घ्यायचं वय होतं त्याचं.

बाहेर आलो तर आजी नव्हती, बरंच झालं.

नाशिकवाल्या मैत्रिणीला त्याच रात्री मेसेज केला. तीनदा लिहून पुसला. सांगितलं की टेस्ट केली, निगेटिव्ह आहे, तुला काळजी असेल म्हणून कळवतोय. तिचं उत्तर, 'मी दर सहा महिन्यांनी करते, या महिन्यात पण केली. तू पहिल्यांदा केलीस??' दोन प्रश्नचिन्हं. मी ३१ वर्षांचा.

९२ व्या दिवशी परत गेलो. त्या बागेत मण्यात पाणी उतरलं होतं. यावेळी हेल्मेट गाडीला अडकवून गेलो, मास्क पण नाही. टेस्ट झाली, निगेटिव्ह. मी सवयीनं विचारलं, मॅडम चार महिन्यांनी एकदा करू का, खात्रीला? सरळ नाही म्हणाल्या. नवीन काही झालं तर या, याच्यासाठी आता परत नाही करणार मी. आजवर कुठल्या दुकानदारानं मला माल द्यायला असं नकार दिला नव्हता. बाहेरच्या लॅबवाल्यानं पाचवी पण आनंदानं केली असती. मला वाटतं पाच स्टार मी त्या नकाराला देत होतो.

आता तक्रारी. खोलीवरची पाटी एवढी मोठी आहे की रांगेत बसलेला माणूस कशासाठी आलाय ते कॉरिडॉरच्या त्या टोकावरनं वाचता येतं, जरा लहान केली तर कुणाचं बिघडणार नाही. जेवणाच्या सुट्टीची वेळ दारावर लिहिलेली नाही, मी पहिल्या दिवशी दीड ते अडीच नुसता उभा. मॅडम एकट्याच, त्यांना रजा असली तर काय होतं ते विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं. पंखा खडखडतो. हे सगळं मिळून मी एक पॉइंट पण कापला नसता.

अर्धा कापला तो यासाठी. दाराबाहेर भिंतीला फुकट निरोधची पेटी आहे, बटण दाबा आणि घ्या टाईप. दोन्ही वेळा रिकामी. एवढं दीड तास कंडोमचं महत्त्व ऐकून बाहेर आलो आणि पेटीत हात घातला तर आत शेंगदाण्याची टरफलं. मॅडमना जाऊन सांगितलं तर म्हणाल्या रोज सकाळी भरतो हो, पोरं येतात, इकडं तिकडं बघतात आणि मूठमूठ घेऊन जातात, अकरापर्यंत संपतंय. म्हणजे साडेदहाच्या आत जावा.